जिभेला वळसा घालून जाणारं जेवण

कितीतरी माणसं माझ्या हातचं जेवून गेली, पण मीठ कमी पडलं की जास्त झालं, हे त्यातल्या कुणीच मला कधी सांगितलं नाही. कुणी ताट सरकवलं नाही, कुणी बोटं चाटली नाहीत. ती माणसं डोळे मिटून पडलेली असायची. मी केलेलं पातळ, पांढुरकं जेवण त्यांच्या नाकातल्या बारीक नळीतून सरळ पोटात उतरायचं. जिभेला पत्ताच नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मी काम करतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसांचं जेवण करणं हे माझं काम. दवाखान्यात त्याला 'फीड' म्हणतात. माझं गाव समुद्राकाठचं, देवगडच्या बाजूचं. तिथून इकडे यायचं म्हणजे गाड्या बदलता बदलता एक दिवस मावळतो आणि दुसरा उजाडतो. फोनवर आई विचारते, "आज काय रांदलंस?" मी सांगतो, "पेज." मग ती म्हणते, "इतक्या लांब जावन पेजच करतंस मां?"

तिला काय सांगणार? सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी जिथे जिथे काम केलं, तिथे तिथे कुणीतरी माझ्यावर ओरडतच होतं. इथल्या कँटीनमध्ये एका ओळखीच्याने लावून दिलं तेव्हाही मी तसाच भेदरलेला होतो. भांडं धुतलं की पुन्हा धुवायचं, गॅस बंद केला की परत जाऊन बघायचं. कँटीनवाला वैतागायचा. एकदा आहाराच्या मॅडम तिथे चहाला आल्या होत्या. रुग्णाला काय, किती आणि कधी द्यायचं ते या मॅडम ठरवतात. मी एकच पातेलं तिसऱ्यांदा विसळताना त्यांनी पाहिलं आणि कँटीनवाल्याला म्हणाल्या, "हा घाबरट माणूस मला द्या. माझ्या स्वयंपाकघरात असाच हवा." माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या माउलीचे उपकार मी फेडू शकणार नाही, आणि फेडायला गेलो तर त्या रागावतील.

आमचं काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. डोक्याला जबर मार लागला की माणूस निपचित पडतो. बघणाऱ्याला वाटतं, हा तर झोपला आहे, याला कसली भूक? पण मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तो झोपलेला नाही, तो आतल्या आत धावतोय." अंगात ताप असतो, हातपाय ताठतात, मेंदू जखम भरून काढायच्या नादात असतो. या सगळ्याला इंधन लागतं. बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःलाच खायला लागतं. आधी मांड्या उतरतात, मग दंड. धडधाकट माणसाचे गुडघे काही दिवसांत पेरूसारखे वर येतात. म्हणून डॉक्टर फार थांबत नाहीत. रक्तदाब वगैरे जागेवर आला की नळी घालतात आणि जेवण सुरू करतात.

पण घाईही करून चालत नाही. डोक्याच्या धक्क्याने पोटही सुन्न झालेलं असतं. सुरुवातीला डब्यातली पावडर पाण्यात कालवून मशीनवर थेंबथेंब सोडतात. अंगणात ठिबकत्या मडक्याखाली लावलेल्या तुळशीसारखं. सिस्टर मधूनमधून बिनसुईच्या पिचकारीने मागे ओढून बघतात की पोटाने आधीचं पुढे ढकललं की नाही. ढकललं असेल तर थेंब वाढतात. रुग्ण जरा स्थिरावून वॉर्डात आला की मग आमच्या स्वयंपाकघराची पाळी. दूध, तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं वरण, चालत असेल तर शिजवलेल्या अंड्याचा पांढरा भाग, तेल, साखर. घट्ट झालं की नळी तुंबते, आणि पाणी घालून पातळ केलं तर पोटात नुसतं पाणीच जातं. त्यावर मॅडमनी मला एक गंमत शिकवली. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चिमूटभर पीठ कोमट पेजेत टाकलं की घट्ट पेज बघता बघता सैल होते. तिच्यातलं सत्त्व तेवढंच राहतं. आमच्या गावची नाचणी वर्ध्याच्या दवाखान्यात भेटली तेव्हा मला रडू आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पिठात पाणी नको."

मलमलच्या फडक्यातून गाळून झालं की शेवटची परीक्षा. भिंतीवर एका खिळ्याला मी तशीच एक कोरी नळी टांगून ठेवतो. प्रत्येक पातेल्यातलं थोडं फीड त्या नळीतून सोडून बघतो. सरळ धार खाली आली की पास. अडखळली की परत वाटायचं, परत गाळायचं. त्या नळीतून उतरलेलं फेकून देतो, आणि नळीही रोज बदलतो. मला अजून प्रत्येक वेळी धाकधूक होते.

उन्हाळ्यातल्या दुपारी वॉर्डात बाटल्या घेऊन गेलो की मला वेगळंच वाटायचं. बाहेर वाऱ्याला आग लागलेली. खिडक्यांवर ओल्या वाळ्याच्या ताट्या, कूलरचा एकसुरी आवाज, आणि पलंगापलंगावर उशाला उंचावून ठेवलेली माणसं. सगळी जणू एकाच गाडीत बसून कुठेतरी निघालीत आणि सगळ्यांनाच पेंग आली आहे. मी बाटली टांगून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, हे आता कुठवर पोहोचले असतील? कुणाच्या पापणीखाली बुबुळ हलायचं. कुणी ओठ हलवायचा. मग मलाच वाटायचं की मी तरी कुठे इथे आहे? भरतीचं पाणी माडांच्या मुळाशी येतंय आणि मी पेज ढवळतोय. सिस्टर हाक मारायच्या, "भाऊ, जागे व्हा ना!" तेव्हा परत वर्ध्यात यायचो.

अशाच एका रुग्णाने मला त्या प्रवासाची खबर सांगितली होती. केळझरकडचे एक आजोबा. बैलाने ढकलल्यामुळे ओट्यावरून डोक्यावर पडले होते. शुद्धीवर येऊन, नळी निघून, काठी टेकत घरी जायला निघाले तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात आले.

"तूच का रे तो?"

"हो आजोबा."

"महिनाभर तुह्या हातचं खाल्लं म्हणते हे लोकं. मले तं एक घासबी आठवत नाई. सांग बरं, काय काय चारलं मले?"

मी सगळं सांगितलं. दूध, पेज, डाळ, नाचणी.

"अन् कांदा?"

"नाही आजोबा."

"मंग कायचं जेवन देल्लं रे बापा!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. मग दाराला टेकून हळू आवाजात म्हणाले, "मी तिकडे बैलबाजारात फिरून राह्यलो होतो. लय मोठा बाजार. भूक लागे, अन् मंग आपोआप जाये. कोण जेवू घालून राह्यलं ते दिसे नाई. मी आपला इकडेतिकडे पाहो, बा हे कोन हाय?"

दरवेळी इतकं गोड नसतं. सेलूचे एक दुकानदार होते, त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडे होता. ते रोज घरचं तूप घेऊन दारात उभे राहायचे. "भाऊ, चोख तूप हाय. मोठा चमचा सोडजो. आमच्या घरान्यात असं पानचट आजवर कोणी जेवलं नाई."

"शेठ, नळी तुंबेल."

"मंग मोठी नळी टाकाले सांगा ना! आमी का नाई म्हणून राह्यलो?"

मॅडमनी त्यांना बसवून समजावलं तेव्हा ते थांबले. त्यांचा भाऊ वाचला नाही. दुसऱ्या दिवशी ते तुपाचं भांडं तसंच माझ्या ओट्यावर ठेवून गेले. बरेचसे रुग्ण पुढे कुठे गेले, काय झालं, हे आम्हा स्वयंपाकघरातल्यांना कळतच नाही. एक दिवस बाटलीवर लावायच्या चिठ्ठ्यांत ते नाव नसतं, एवढंच.

पण एक घर मला पुरतं कळलं. तेच सांगायला बसलो आहे.

पंकज समुद्रपूरच्या बाजूच्या गावचा. तिशीच्या आतला मुलगा, समुद्रपुरात कॉम्प्युटर शिकवायचा. मोटारसायकलवर घरी येताना रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. पंकज रस्त्यावर डोक्यावर आपटला. त्याचे वडील वसंतराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. आई कुसुमबाई. सगळे त्यांना कुसुममावशी म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

ऑपरेशन झालं, पंकज वाचला, वॉर्डात आला. डोळे उघडायचा, पण नजर कुठे लागायची नाही. एक दिवस वसंतराव मला जिन्यात गाठून म्हणाले, "भाऊ, तुमी जेवनाचं पाहता ना? माह्या बायकोले सांगा काहीतरी. ते जेवून नाई राह्यली."

"उपास आहे का त्यांचा?"

"आमी बौद्ध हावो. आमच्यात नवस-बिवस काई नाई. ते म्हणते, पोट्ट्याच्या तोंडात घास जाईन तवा मी जेवीन. चहा घेते, कधी फुटाने. तिले रक्तदाब हाय, चक्कर येऊन राह्यली. इकडे पोरगा असा, अन् हे बी जाईन माह्या हातातून."

मी मावशींकडे गेलो. पलंगाजवळच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, निळी साडी. मी म्हटलं, "मावशी, पंकज जेवतोय की. हे बघा, आताच बाटली लावली."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे औषध हाय भाऊ. जेवन म्हणजे जेवन असते. पोट्टा उपाशी असतानी माह्याच्यानं गिळवत नाई. मी का करू? घास तोंडात नेला का घसाच बंद होते."

आईला फोनवर 'जेवलो' असं न जेवता सांगणारा मी, त्यांना काय समजावणार?

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. वॉर्डातल्या पलंगांना पायाशी एक दांडा असतो. तो फिरवला की डोक्याकडची बाजू वरखाली होते. नळीने जेवणाऱ्याचं डोकं उंचच ठेवावं लागतं. आडवं पडलं की पोटातलं वर येतं आणि श्वासात जातं. पंकजच्या पलंगाचा दांडा इतका गंजलेला होता की फिरवायला दोन माणसं लागत. वसंतराव जुने मेकॅनिक. त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी घरून ग्रीसची डबी आणली आणि दांडा असा मऊ केला की एका बोटाने फिरावा. सिस्टर खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पंकज उशीवरून घसरत खाली आला होता, मान वाकडी झाली होती. मावशींना वाटलं, लेकरू एसटीत बसल्या बसल्या झोपतात तसं अवघडलंय, याला जरा नीट निजवावं. त्यांनी दांडा फिरवला. लोण्यासारखा फिरला तो. नुकतंच फीड होऊन गेलेलं होतं.

मी बाटल्या गोळा करायला दारात आलो तेव्हा पंकजच्या घशातून खळखळ आवाज येत होता आणि मावशी त्याच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. "झोप राजा, आता झोप." मी ओरडलो. सिस्टर धावल्या, त्याला कुशीवर केलं, तोंडातलं नाकातलं ओढून काढलं, डोकं उंच केलं. ओठ निळे झाले होते, ते हळूहळू परतले. पण काही छातीत गेलंच होतं. ताप चढला, पंकज पुन्हा आतल्या मोठ्या मशिनांच्या खोलीत गेला.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मावशी, इचारलं असतं तं!" मावशींनी मान खाली घातली. वसंतराव भिंतीशी उभे होते, नखांत कालचं ग्रीस. "चूक माही हाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी कायले त्या दांड्याले हात लावला?" मावशींनी त्या दिवसापासून फुटाणेही सोडले.

पंकज त्यातूनही निघाला. वॉर्डात परत आला तेव्हा नजर थोडी लागू लागली होती. आईचा आवाज आला की मान वळायची. मग गिळणं तपासणाऱ्या मॅडम आल्या. पावडर घालून दाट केलेलं चमचाभर पाणी जिभेवर ठेवून, गळ्याला बोटं लावून त्या कान देऊन ऐकत राहिल्या. मावशी शेजारी उभ्या. पंकजला ठसका लागला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा ठसका. मॅडमनी चमचा खाली ठेवला. "अजून नाही जमत. पुढे जमेल, नाही असं नाही. पण नाकातली नळी इतके दिवस बरी नाही. पोटावरून एक नळी बसवू, म्हणजे घरी नेता येईल."

मावशी म्हणाल्या, "पोटातून जेवते का कोनी? मंग तोंड कायले देल्लं मानसाले?" आणि तिथेच खाली बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच. त्यांना शेजारच्या रिकाम्या पलंगावर घेतलं, सलाइन लावलं. एका पलंगावर मुलगा, दुसऱ्यावर आई, मध्ये वसंतराव स्टुलावर. एकदा याच्याकडे बघायचे, एकदा तिच्याकडे.

डॉक्टरांनी बाहेर येऊन आमच्या मॅडमना सांगितलं, "मुलाचं मी बघतो. आईचं तुम्ही बघा. ही बाई अशीच राहिली तर घरी याला सांभाळणार कोण?"

आमच्याकडे एक पद्धत आहे. रुग्ण नळीसकट घरी जाणार असेल तर घरच्या बाईला किंवा पुरुषाला स्वयंपाकघरात बोलवायचं आणि फीड करायला शिकवायचं. बाकी कुणाला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. मावशी जरा उभ्या राहू लागल्या तेव्हा मॅडम त्यांना म्हणाल्या, "पोटाच्या नळीचं नंतर बघू. आधी पंकजचं जेवण कसं करतात ते तर शिका." त्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती, बुद्धजयंती. घरोघरी खीर करतात. समुद्रपूरहून मावशींच्या जावेने डबाभर खीर पाठवली होती. मावशी तो डबा छातीशी धरूनच आत आल्या.

केसांना टोपी, हात कोपरापर्यंत धुतलेले. आधी दारातच उभ्या राहिल्या. शेगडीवर पेज रटरटत होती, कुकरातून मुगाच्या डाळीचा वास सुटला होता. त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "हे तं चूल हाय."

"मग मावशी? तुम्हाला काय वाटलं?"

"मले वाटे, औषधाच्या फॅक्टरीतून येते."

त्यांनी तांदूळ धुतले. हाताला सवय होती, पाणी कसं निथळायचं ते सांगावं लागलं नाही. डाळ घोटली. नाचणीचं पीठ टाकल्यावर पेज सैल झाली तेव्हा त्यांनी पळी वर उचलून धार बघितली आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अवो माय, कशी वितळली!" तळहातावर थेंब घेऊन चाखला. "अळनी हाय."

"मीठ मॅडम मोजून सांगतात. डोक्याच्या रुग्णाचं मीठ जपावं लागतं."

"जेवढं मोजून सांगतीन तेवढंच टाक. पन टाक. माह्या घरी अळनी कोनी जेवत नाई."

मॅडम दारात उभ्याच होत्या. त्यांनी पंकजचे कागद पाहिले, हसल्या आणि चिमटीने प्रमाण दाखवलं. मग मावशींनी तो डबा पुढे केला. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला, वाटीत थोडी काढली. "ही आपल्या फीडमध्ये धरू. तेवढी साखर कमी करू. पण नीट गाळली पाहिजे."

खीर वाटली, गाळली आणि खिळ्यावरच्या नळीतून सोडली. अडखळली. चारोळी. मावशींनी मलमलचं फडकं हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि चारोळीचा एकेक कण वेचायला लागल्या. बाहेर ऊन पांढरं झालेलं, बहाव्याची पिवळी झुंबरं वाऱ्याशिवाय लोंबलेली. कुकर गप्प झाला होता. त्या वेचता वेचता हळू आवाजात बुद्धांची गोष्ट सांगत होत्या. मला, की स्वतःला, कोण जाणे. फार दिवस उपाशी राहून अंगाची काडी झाली होती, झाडाखाली बसले होते. मग एका बाईने खीर आणून दिली. "तेबी उपाशी राहून काई मिळालं नाई म्हनते त्यायले. खाल्ल्यावर मिळालं." मग त्या थांबल्या. हातातलं फडकं तसंच राहिलं. मीही ढवळायचं थांबलो.

दुसऱ्यांदा सोडली तेव्हा खीर नळीतून सरळ, एकसारखी खाली आली.

वॉर्डात मावशींनी स्वतःच्या हाताने पिचकारी धरली, सिस्टरने सांगितलं तितकीच उंच. फीड हळूहळू उतरत गेलं. पंकज आईकडे बघत होता. मी परत निघालो तेव्हा मागून आवाज आला, "भाऊ, पातेल्यात राह्यलं का अजून?"

"हो, थोडं आहे."

"मले दे. जे त्याले ते मले."

स्टीलच्या पेल्यात दिलं. त्या उभ्यानेच प्यायल्या, डोळे मिटून, एका दमात. वसंतराव तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. त्या दिवसापासून पंकजच्या प्रत्येक फीडबरोबर एक पेला मावशींचा. तेवढंच, तसंच. डॉक्टर म्हणाले, "वाईट काय आहे? आपल्या वॉर्डातलं सगळ्यांत पौष्टिक तेच." दोन-तीन दिवसांनी मावशींनी पोटाच्या नळीला होकार दिला. कागदावर सही करताना म्हणाल्या, "तोंड नाई तं पोट. जेवन तं माहंच जाईन ना आत?"

ते घरी गेले. मला वाटलं, हेही नाव चिठ्ठ्यांतून गेलं.

पण पावसाळा सरल्यावर वसंतरावांचा फोन आला. "तपासनीले आलो होतो. तिनं सांगतलं, भाऊले जेवाले घेऊन ये. एसटीत बस, समुद्रपूरले उतरजो, मी घ्याले येतो." मी जन्मात कुठल्या रुग्णाच्या घरी गेलो नव्हतो. हातात काय न्यावं ते कळेना, शेवटी नाचणीच्या पिठाची पिशवी घेतली.

कपाशी फुटायला लागली होती. एसटीच्या खिडकीतून शेतंच्या शेतं पांढऱ्या ठिपक्यांची दिसत होती, आणि मला पेंग येत होती. मध्येच वाटलं, आपण समुद्रावरूनच चाललोय.

पंकज अंगणात खुर्चीत बसला होता. अंग भरलं होतं. मान धरता येत होती. डावा हात चालत होता. बोलायचा, पण जड जिभेने, एकेक शब्द ओढून. गिळण्याच्या मॅडमनी चमचाभर घट्ट वरण सुरू केलं होतं, बाकी सगळं पोटाच्या नळीतून. घरात पाटावर ताटं मांडली. मी, वसंतराव, त्यांची धाकटी मुलगी. पंकजची खुर्ची पंगतीतच ओढून घेतली होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. मावशींनी पंकजच्या नळीला पिचकारी जोडली, फीड सोडलं आणि शेजारी स्वतःसाठी पेला ठेवला. तोच पांढुरका.

माझा घास हातात राहिला. "मावशी, अजून तुम्ही हेच?"

"सवय पडली बापा."

वसंतराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगून सांगून थकलो. तो पुरा तोंडानं जेवेपर्यंत नाई म्हनते."

मावशींनी पेला उचलला. तेवढ्यात पंकजने डावा हात पुढे केला. हळूच, पाण्यातून हात यावा तसा. त्याने पेला धरला. मावशींना वाटलं त्याला हवाय, त्यांनी सोडला. त्याने तो खाली ठेवला. थोडं सांडलं. मग त्याचे ओठ हलायला लागले. आम्ही सगळे थांबलो. शब्द यायला खूप वेळ लागला.

"आई... भाकर... खाय."

फीड खाली उतरत होतं. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने आपल्या बहिणीच्या ताटाकडे बोट केलं आणि पुन्हा, आता जरा चिडून, "खाय न!"

मावशींनी एका हाताने पिचकारी तशीच धरून दुसऱ्या हाताने मुलीच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. चावायची सवय मोडली होती. जबडा अडखळत होता. पंकज त्यांच्या तोंडाकडे बघत होता, गिळण्याच्या मॅडम बघायच्या तसा, मान पुढे काढून. वसंतराव बघत होते, मुलगी बघत होती, मीही. भाकरी चावल्याचा बारीक आवाज त्या घरात स्पष्ट येत होता. घास खाली गेला. डोळ्यांत पाणी, ते ठेच्याचं की कशाचं ते त्यांनाच ठाऊक.

मग त्यांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"पाहून का राह्यले? जेवा ना!"